सबमिशननंतर जॉबचं काय?

फर्स्ट इयरला कार्पेंट्रीत आपण लॅप जॉइंट करतो, मार्क घेतो आणि विसरतो. त्याऐवजी प्रत्येकाला लाकडी रंधा करायला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्कशॉपच्या मामांकडे मी सध्या तेच शिकतोय. शिसवीचा सुका ठोकळा, पात्याला ४५ अंशांची बैठक, वर घट्ट पाचर. हत्यारं म्हणाल तर गुण्या, करवत, पटाशी. तोंड रुंद राहिलं की लाकडाचे तंतू उपटतात. तळ वाकडा असला की पातं नीट लागत नाही. इथे कॉपी चालत नाही, व्हायवा लाकूडच घेतं! शिवाय पास झाल्यावर मार्कांसोबत हातात एक हत्यार उरतं. मित्रहो, पटतंय का?