शर्यत कोणाची, रस्ता कोणाचा?

२०१९ साली जर्मनीत झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक ट्रॅक सायकलिंग स्पर्धेत अंदमानच्या एसो अल्बेनने मणिपुरी सहकाऱ्यांसह सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक पटकावले. ही मुले घडली दिल्लीच्या सरकारी वेलोड्रोममध्ये; क्रीडाक्षेत्र भांडवलदारांच्या औदार्यावर सोपवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आमच्याकडे काय घडले? जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’चे परदेशी स्वार येणार म्हणून मुळशी-मावळातील रस्ते गुळगुळीत झाले. शतकापूर्वी जमीन मुळशीकरांची बुडाली, वीज मुंबईला गेली, हिशेब तोच! पौडच्या शाळकरी मुलांना मात्र डंपर चुकवीतच सायकल हाकावी लागते. तालुक्याच्या या गावी शासनाने आधी सुरक्षित सायकलमार्ग व सरावासाठी सिमेंटचा साधा ट्रॅक बांधावा. तोही सार्वजनिक खर्चाने आणि प्रवेशशुल्काविना.