नवशिक्याचे विमान

रेडिओ-नियंत्रित विमान करायचे म्हटले की आपली मुले आधी लढाऊ विमानाचे चित्र काढतात. याला माझा स्पष्ट विरोध आहे. असले वेगवान विमान नवशिक्याच्या हाती अर्ध्या मिनिटात मातीस मिळते, आणि त्याबरोबर हौसही.

नवशिक्याला संथ, आपले आपण सावरणारे विमान हवे. पंख धडाच्या वर आणि टोकांकडे किंचित उचललेले असले, की कललेले विमान सहसा स्वतःच सरळ होते. पंखांचा छेद खालून जवळजवळ सपाट असावा. १९२२ सालचा 'क्लार्क वाय' आजही उत्तम. विस्तार १२० सेंटिमीटर व रुंदी २० धरली, तर एकूण वजन ७०० ग्रॅमच्या आत ठेवावे. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढल्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर असावा. तो फार मागे गेला की विमान कुणाच्या बापाचे ऐकत नाही!

आणि मित्रहो, पंख स्क्रूने नव्हे, रबर बँडांनी बांधा. आपटल्यावर ते निखळतात, बहुधा मोडत नाहीत. परीक्षकांना हे ओबडधोबड वाटते. गुण जातात रंगाला नि वेगाला. मी परीक्षक असतो तर एवढेच विचारले असते : पडलेले विमान पुन्हा किती वेळात उडवाल?