अँटिव्हायरसची परीक्षा कोण घेणार?

ई-मेलमधून नवा वर्म पसरल्याची बातमी आली की ऑफिसात पहिला प्रश्न निघतो, आपला अँटिव्हायरस हा पकडतो का? प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधण्याची रूढ पद्धत मात्र फसवी. कंपनीच्या यादीत वर्मचे नाव शोधायचे आणि सापडले की निर्धास्त व्हायचे. जानेवारी २००६ मध्ये पसरलेल्या एका वर्मने या पद्धतीचे पितळ उघडे पाडले.

वृत्तपत्रांनी त्याला ‘कामसूत्र वर्म’ म्हटले, कारण त्याच्या काही ई-मेलच्या विषयात ते नाव होते. मथळ्याला सोयीचे, शोधणाऱ्याला निरुपयोगी. अँटिव्हायरस कंपन्यांपैकी कोणी त्याला निक्सेम म्हणत होते, कोणी ब्लॅकमल, कोणी मायवाइफ. हा घोळ मिटवण्यासाठी त्याला ‘सीएमई-२४’ असा सामाईक क्रमांक द्यावा लागला. शिवाय नाव सापडले तरी ते कोणत्या आवृत्तीचे, हा प्रश्न उरतोच. आधीचा निक्सेम ओळखणारा अँटिव्हायरस नवा ओळखेलच, याची खात्री नव्हती.

अटॅचमेंट उघडली की हा वर्म संगणकातले ई-मेल पत्ते गोळा करून स्वतःच्या प्रती धाडायचा, नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या फोल्डरांतूनही पुढे सरकायचा. दर महिन्याच्या ३ तारखेला, संगणक सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने, वर्ड, एक्सेल, पीडीएफ, झिप अशा ११ प्रकारच्या फाइलींवर तो एक निरर्थक ओळ लिहून टाकायचा. फाइल जागच्या जागी दिसायची, नावही तेच. आतला मजकूर गेलेला असायचा.

पण त्याआधीचे त्याचे काम मला जास्त गंभीर वाटते. संगणकात शिरल्यावर तो नामांकित अँटिव्हायरसच्या फाइली आणि नोंदी शोधून पुसायचा. म्हणजे ज्याला विचारायचे, त्यालाच गप्प केलेले. अशा संगणकावर त्याच अँटिव्हायरसने दिलेला ‘धोका नाही’ हा निर्वाळा कवडीमोलाचा. ज्या संगणकाबद्दल शंका आहे त्याची तपासणी बाहेरून करावी लागते. स्वच्छ पेन ड्राइव्ह किंवा सीडीवरून संगणक सुरू करून, आतली विंडोज झोपलेली असतानाच हार्ड डिस्क तपासायची. याला वेळ लागतो, म्हणून ते टळते.

या वर्मने प्रत्येक बाधित संगणकाची नोंद एका वेबसाइटवरच्या काउंटरवर होईल अशी सोय ठेवली होती. त्या नोंदी तपासून अमेरिकेतल्या ‘कायडा’ या संशोधन संस्थेने बाधित संगणकांचा अंदाज सुमारे ४.७ लाख ते ९.५ लाख असा बांधला. सर्वाधिक लागण झालेल्या देशांत भारत होता. प्रत्यक्ष ३ फेब्रुवारीला जगभर फारसा हाहाकार झाला नाही, तेव्हा इशारे अतिरंजित होते असे अनेकांनी म्हटले. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तोवर इशारे पोहोचले होते, कितीतरी संगणक साफ झाले होते. आणि घरच्या संगणकावरचे हिशेब पुसले गेले तर त्याची बातमी कोण देतो?

मग तपासायचे तरी कसे? खरा वर्म मिळवून प्रयोग करणे हा शुद्ध आततायीपणा. त्यासाठी ‘आयकार’ नावाची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. जेमतेम ६८ अक्षरांची ही फाइल दिसताच ओरड करायची, असे अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवले आहे. ती सेव्ह करून पाहावी, झिपमध्ये घालून पाहावी, ई-मेलने स्वतःला पाठवून पाहावी. ती वाटेतच अडली तर ई-मेल सेवेची चाळणी काम करते एवढे कळते. आपल्या संगणकाची परीक्षा झालेलीच नसते. संगणकावर इशारा आला, तरी पहारेकरी जागा आहे एवढेच सिद्ध होते. नव्या चोराचा चेहरा त्याला ठाऊक आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे, हे पाहावे लागते. वर्म सुटल्यापासून त्याची ओळख अपडेटमधून आपल्यापर्यंत येईपर्यंत काही तास जातात आणि ई-मेल वर्म सर्वांत वेगाने पसरतो तो याच तासांत. आजचे अँटिव्हायरस फाइलीच्या वागण्यावरूनही संशय घेतात. त्याने ही फट अरुंद होते, बुजत नाही.

एक वाट तर उघड्यावरच आहे. २००४ मध्ये बेगल वर्मच्या काही आवृत्त्या पासवर्ड लावलेल्या झिप फाइलीतून आल्या आणि पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये लिहिलेला होता. ई-मेलच्या वाटेवरच्या तपासणीला ती झिप सहजी उघडता येत नव्हती. वाचणारा मात्र पासवर्ड टाकून उघडत होता. पुढे इमोटेट या मालवेअरनेही हीच युक्ती वापरली, तीही चोरलेल्या जुन्या ई-मेलला उत्तर आल्यासारखी, म्हणजे ओळखीच्या माणसाच्या नावाने. अशी झिप उघडल्यावर हाताशी उरते ती फक्त फाइल उघडताक्षणी होणारी तपासणी. संगणक जुना आहे, हिशेबाचे सॉफ्टवेअर मंद चालते, म्हणून कुणीतरी तीच बंद करून ठेवते किंवा आख्खे फोल्डर तिच्यातून वगळते. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये वगळलेल्या फोल्डरांची यादी असते. वर्मचे नाव शोधण्याआधी ती उघडून पाहावी.