कोकमाला आठ अंकी वर्गीकरणात स्वतःचे कोड मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. महासंचालक,
विदेश व्यापार महासंचालनालय,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : आमसूल, आगळ आणि कोकम तेल यांना निर्यात-आयातीच्या वर्गीकरणात स्वतंत्र कोड देणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले कोकम बागायतदार, आमसुले करणाऱ्या बचतगटांतल्या महिला आणि लहान प्रक्रिया उद्योजक आहोत. आमचा माल परदेशी जातो. तो किती गेला, कुठे गेला आणि काय भावाने गेला, हे सीमाशुल्काच्या आकडेवारीत पाहायला गेले तर कोकम वेगळे काढता येत नाही. बंदरातून बाहेर पडताना ते बहुतेक वेळा ‘इतर’ या रकान्यात पडते. ही स्थिती बदलावी म्हणून हे निवेदन देत आहोत.

माल कोणता, ते आधी सांगतो, कारण आमची सगळी अडचण त्यातूनच निघते. फळाला आम्ही रातांबा म्हणतो, गोव्यात भिरंड म्हणतात. मे महिन्यात रातांबे पिकून लाल-जांभळे झाले की ते फोडून बिया आणि गर वेगळा करतात. साल फळाच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे पुटावर पुट चढून साल काळपट आणि मऊ झाली की आमसूल तयार. याच साली मिठात मुरवल्या की जो गडद रस सुटतो तो आगळ. बियाही टाकून देत नाहीत. त्या वाळवून, फोडून, मगज वाटून पाण्यात उकळतात. वर येणारे तेल निवले की घट्ट होते आणि बायका त्याचे मुठीने गोळे वळतात, म्हणून ते मुठेल. थंडीत पायांच्या भेगांना लावायला ते आमच्या प्रत्येक घरात असते. पावसाची पहिली सर आली की वाळवण थांबते आणि झाडावर उरलेली फळे जमिनीवर कुजतात. म्हणजे वर्षाची सगळी कमाई या चार-सहा आठवड्यांत करायची असते.

एका झाडाचे हे तीन पदार्थ वर्गीकरणात तीन ठिकाणी विखुरले आहेत. माल वेगवेगळा असल्याने प्रकरणे वेगळी असणारच, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती नाव नसण्याला. 0813 40 या उपशीर्षाखाली वाळलेल्या चिंचेला स्वतःची ओळ आहे, शिंगाड्यालाही आहे. आमच्या स्वयंपाकघरात चिंच आणि आमसूल एकाच फळीवर असतात आणि माशाच्या आमटीला जे हाताशी असेल ते पडते. तरी चिंच नावाने मोजली जाते आणि आमसूल मोजले जात नाही.

कोकम तेलाचे नाव वर्गीकरणात आहे, पण कुणाच्या सोबतीला? 1515 90 खाली चौलमोगरा, मोह, तंबाखूच्या बिया आणि साल वृक्ष यांच्या तेलांबरोबर त्याची मोट बांधलेली आहे आणि त्या मोटेचे फक्त खाद्य आणि इतर असे दोन भाग केले आहेत. चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय जी सहा वनस्पतिजन्य स्निग्धे पाच टक्क्यांपर्यंत वापरायला युरोपीय संघाने 2000 सालच्या निर्देशात मुभा दिली, त्यांत कोकमाचे नाव आहे. सौंदर्यप्रसाधने करणाऱ्यांनाही ते हवे असते. ज्या बाजारात आमचे तेल नावाने ओळखले जाते, तिथे जाण्यासाठी आमच्याच बंदरातून ते तंबाखूच्या बियांच्या तेलाबरोबर एका आकड्यात निघते. कोकम तेल वाढले की साल तेल घटले, हे त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

गार्सिनिया या कोकमाच्या कुळातल्या झाडांच्या अर्काला मात्र 1302 19 18 अशी ओळ आहे. त्याचे आम्हाला समाधान आहे. पण तीत कोकमाबरोबर मलबार चिंचेसारखी त्याच कुळातली इतर झाडेही येतात, आणि अर्क हा कारखान्याचा माल आहे. खळ्यावर तयार होणाऱ्या पदार्थांना ओळ नाही. सरबत 2106 90 11 खाली सरबत म्हणूनच जाते. त्याबद्दल आमची मागणी नाही.

याचा त्रास कसा होतो, ते एका अनुभवावरून लिहितो. आमच्यापैकी एकाच्या खळ्यातले, एकाच पद्धतीने केलेले आमसूल एका हंगामात दोन खेपांत आखातातल्या एका खरेदीदाराकडे गेले. पहिल्या खेपेला कस्टम एजंटाने शिपिंग बिलावर ‘इतर वाळलेली फळे’ असा कोड घातला. दुसऱ्या खेपेला एजंट बदलला आणि त्याने ‘इतर मसाले’ असा कोड घातला. चूक कुणाची म्हणायची? मसाला मंडळाच्या 1986 च्या कायद्याच्या अनुसूचीत कोकम मसाला म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे दुसऱ्या एजंटाकडेही आधार होता. खरेदीदाराने मात्र दोन बिले शेजारी ठेवून विचारले, माल बदलला का? पाठवणाऱ्याला नमुने पुन्हा पाठवून, फोन करून तोच माल असल्याची खात्री पटवावी लागली. निर्यात मालावरच्या शुल्क व करांच्या परताव्याचे दर आठ अंकी कोडप्रमाणेच ठरतात. म्हणून कोड बदलला की परताव्याचा हिशेबही बदलू शकतो आणि पुढे कधी तपासणी निघाली तर उत्तर द्यायची पाळी आमच्यावर येते.

त्याहून मोठे नुकसान दिसत नाही, कारण ते न मोजल्याचे नुकसान आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता, कोकण हातिस अशा जाती दिल्या. पण बँकेत वाळवणी यंत्रासाठी कर्ज मागायला गेलो की पहिला प्रश्न येतो, निर्यात किती? आमच्याकडे आमची बिले असतात, जिल्ह्याचा किंवा देशाचा आकडा नसतो. आयातीच्या बाजूनेही तेच. बाहेरून कोकम किंवा त्याच्यासारखे दुसरे काही येते का, हे आम्हाला विचारायचे असले तरी शोधायला ओळच नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. वाळवलेल्या कोकम सालीला, मग ती मीठ लावलेली असो वा नसो, एकच आठ अंकी कोड द्यावा आणि त्याच्या वर्णनात गार्सिनिया इंडिका हे शास्त्रीय नाव घालावे. ते फळ मानायचे की मसाला, हा निर्णय आपला. आम्हाला कोणताही चालेल, पण तो मुंबईच्या आणि मुंद्र्याच्या बंदरात एकच असावा. कोकम तेल त्या मोटेतून वेगळे काढावे आणि त्यात खाद्य व इतर असा भेद कायम ठेवावा, कारण लिप बाम करणाऱ्याचा भाव आणि चॉकलेटवाल्याचा भाव सारखा नसतो. आगळ रस म्हणून जातो की अन्नपदार्थ म्हणून, याबाबत परिपत्रक काढावे. त्याला वेगळी ओळ मिळाली तर उत्तमच. कोड बदलताना जुन्या आणि नव्या कोडचा ताळा देणारी सूचनाही काढावी आणि कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाने पहिल्या वर्षापासूनच कोकमाचे आकडे स्वतंत्र द्यावेत.

यासाठी परदेशात कुणाची परवानगी लागत नाही. पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या करारातले आहेत. सातवा आणि आठवा अंक आपल्या देशाच्या हातात आहेत. ते आपण वापरलेही आहेत. हापूसला आंब्यांमध्ये स्वतंत्र ओळ मिळाली, तेव्हा आमच्याच शेजारच्या बागायतदारांनी पेढे वाटले. 2025 च्या वित्त अधिनियमाने भौगोलिक मानांकन असलेल्या तांदळाला वेगळी ओळ दिली आणि मखान्यालाही लाह्या, पीठ व इतर अशी रूपानुसार विभागणी दिली. आम्ही मागतो ते याच वाटेवरचे आहे.

सीमाशुल्क दर अधिनियम, 1975 च्या पहिल्या अनुसूचीत बदल वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडून होतो, हे आम्ही जाणतो. आपण तशी शिफारस करावी, ही विनंती. सहा अंकी वर्गीकरणाची पुढची आवृत्ती 1 जानेवारी 2028 पासून लागू होणार आहे आणि त्यासाठी आपले कोष्टकही नव्याने मांडावे लागेल. त्याच कामात कोकमाचा विचार झाला तर वेगळा खटाटोप करावा लागणार नाही.

आपल्या अधिकाऱ्यांनी येत्या मे महिन्यात आमच्या खळ्यांवर यावे. आमसुलाच्या प्रत्येक पुटाचा, आगळाचा आणि मुठेलाचा नमुना आम्ही तपासणीसाठी देऊ आणि आमच्याकडची निर्यातीची बिलेही दाखवू.

आपले विश्वासू,
कोकम बागायतदार, बचतगट सदस्या व प्रक्रिया उद्योजक,
सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्हे
(सह्या सोबतच्या पानांवर)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
महसूल विभाग, वित्त मंत्रालय, नवी दिल्ली
वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय, कोलकाता
मसाला मंडळ, कोची