वेळापत्रक आईचे की घराचे?

गेल्या मार्चमध्ये आपल्या महाविद्यालयात महिला दिनाचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुण्यांनी नोकरी करणाऱ्या स्त्रीला ‘अष्टभुजा’ म्हटले. तिने पहाटे चारला उठावे, उद्याची भाजी आज रात्रीच चिरून ठेवावी, आठवड्याचे वेळापत्रक आखावे, म्हणजे घर आणि नोकरी दोन्ही हसतमुखाने सांभाळता येतात, असा उपदेशही केला. टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. रीतीप्रमाणे मी आभार मानले. पण एक शंका मनात राहिली, ती आज या पानावर मांडते. अष्टभुजेला आठ हात असतात हे खरे. परंतु घरातल्या बाकीच्या चार माणसांचेही मिळून आठच हात होतात. ते त्या वेळी काय करत असतात?

वेळापत्रकाला माझा विरोध नाही. मी स्वतः ते करून पाहिले आहे. पाच वाजता उठणे, साडेपाचला कणीक, सहाला डबे, सात वाजता मुलीची वेणी, आठला सासूबाईंची औषधे, साडेनऊला कॉलेज, असा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता. तो अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी पहाटे सव्वापाचला नळ आला आणि कागद ओला झाला!

बेळगावच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. शहराला राकसकोप आणि हिडकलचे पाणी येते. पण आमच्या गल्लीत ते रोज येत नाही, आणि येते त्या दिवशी कोणत्या वेळी येईल याचा नेम नसतो. सकाळचा पहिला प्रश्न मराठी घरात ‘पाणी आलं काय?’ आणि शेजारच्या कानडी घरात ‘नीर बंतेन्री?’ असा असतो. तो विचारणारी दोन्हीकडे बाईच असते. नळ आला की हातातले सारे टाकून धावावे लागते. २००८ साली शहराच्या काही वॉर्डांत प्रयोग म्हणून चोवीस तास पाणी देण्यास सुरुवात झाली. त्यांपैकी एका वॉर्डात राहणारी माझी एक सहकारी म्हणते, “पाण्यापेक्षा मोठा फायदा म्हणजे पाण्याची वाट पाहणं संपलं.” मला हे फार महत्त्वाचे वाटते. नळाचे, शाळेच्या रिक्षाचे, गॅस सिलिंडरवाल्याचे आणि ऐनवेळी बोलावलेल्या बैठकीचे घड्याळ वेगवेगळे चालते. या सगळ्या घड्याळांशी जुळवून घेण्याचे काम एकाच माणसावर सोपवायचे, आणि तिची तारांबळ उडाली की तिला नियोजन जमत नाही म्हणायचे, हा कोणता न्याय?

हे केवळ माझ्या घरचे रडगाणे नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी २०१९ साली केली आणि २०२४ साली पुन्हा केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, ती २८९ झाली. म्हणजे दहा मिनिटे वाचली. बरे झाले. पण घरकाम करणाऱ्या पुरुषांचाही वेळ ९७ मिनिटांवरून ८८ वर आला. वजाबाकी करून पाहा. २०१९ मध्ये दोघांतले अंतर २०२ मिनिटांचे होते, २०२४ मध्ये ते २०१ मिनिटांचे झाले. पाच वर्षांत प्रगती एक मिनिट! आणि ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची आहे. २०१९ च्या पाहणीप्रमाणे दिवसात काहीतरी घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. उरलेले ७४ या हिशेबात आलेलेच नाहीत.

कोणी म्हणेल, आता मिक्सर आहे, कुकर आहे, धुलाईयंत्र आहे. पूर्वीच्या बायकांनी पाट्यावर वाटले, विहिरीचे पाणी ओढले. मान्य आहे. पण रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवून दिले की, यंत्रे आल्यावर तिथल्या घरातली पुरुषांची आणि मुलांची कामे संपली. आईची मात्र उरली. आपल्याकडे काय वेगळे आहे? दळण डोक्यावरून गिरणीत नेणारा मुलगा आता तयार पिठाच्या पिशवीमुळे मोकळा झाला. पीठ संपले हे लक्षात ठेवणारी आई मात्र मोकळी झाली नाही.

हे ‘लक्षात ठेवणे’ किती जड असते, ते मला गेल्या पावसाळ्यात कळले. माझी मुलगी पाचवीत आहे. त्या दिवशी पावसाचा जोर वाढला म्हणून शाळेने मुलांना एक वाजताच सोडले. तसा निरोप पालकांच्या मोबाईल ग्रुपवर साडेअकराला आला होता. मी वर्गावर होते, फोन स्टाफरूममधल्या पर्समध्ये. एक तास संपला, दुसरा सुरू झाला, मग प्राचार्यांकडे बैठक. सव्वातीनला फोन पाहिला तेव्हा त्यावर एका अनोळखी नंबरचे नऊ फोन येऊन गेले होते. शाळेसमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंनी मुलीला आत बसवून घेतले होते आणि स्वतःच्या फोनवरून त्या पुन्हा पुन्हा मला लावत होत्या. दुसरा नंबर का लावला नाही? मुलीला दुसरा पाठच नव्हता.

रात्री मी यांना विचारले, “त्या ग्रुपवर तुम्हीही आहात ना?” हे म्हणाले, “आहे. पण आवाज बंद करून ठेवलाय. तो ग्रुप तूच बघतेस ना!” मला संताप आला. पण अंथरुणावर पडल्यावर जाणवले की, ते खोटे बोलले नव्हते. खरोखरच मीच बघत होते. शाळेचा निरोप, औषधाची तारीख, विजेचे बिल, कोणाच्या घरी बारसे, सारे मीच बघत होते आणि ‘माझ्यावाचून यांचे काही चालत नाही’ असा एक छुपा अभिमानही बाळगत होते. त्या अभिमानाची किंमत माझ्या मुलीने सव्वादोन तास भिजल्या गणवेशात बसून भरली.

त्या रविवारी मी एक शंभर पानी वही काढली आणि आठवडाभर घरात जे जे करावे लागते ते लिहीत गेले. फक्त ‘दूध आणणे’ असे लिहिले नाही. ‘दूध संपत आले हे पाहणे’ हेही वेगळे लिहिले. सतरा पाने भरली. पुढच्या रविवारी ती वही सगळ्यांसमोर ठेवली. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ वाचत होत्या. प्रथम म्हणाल्या, “आमच्या वेळी असलं कागदावर मांडायची पद्धत नव्हती गं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मांडलं असतं तर वही पुरली नसती.”

मग आम्ही कामे वाटून घेतली. यात एक पथ्य पाळले: काम घ्यायचे ते सबंध घ्यायचे, आठवण ठेवण्यासकट. यांनी शाळा घेतली; म्हणजे ग्रुप, फी, पालकसभा, आणणे-पोचवणे सगळे. दहावीतल्या मुलाने पाणी घेतले. मुलीने स्वतःचे दप्तर, गणवेश आणि घरातल्या सगळ्यांचे नंबर पाठ करणे. सासूबाईंनी दूध आणि भाजी. स्वयंपाक माझ्याकडे राहिला, पण रात्रीचा भात-आमटीचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस हे करतात.

सारे गोडीने झाले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पहिल्याच पंधरवड्यात मुलगा मोटार लावायला विसरला आणि दोन दिवस शेजारून घागरी आणाव्या लागल्या. आमटी कधी खारट, कधी नुसतेच पाणी. या काळात मला सर्वांत अवघड काय गेले असेल तर गप्प बसणे. ‘सरका, मीच करते’ हे शब्द रोज ओठांवर येत. ते गिळले नसते तर वही पुन्हा माझ्याकडे आली असती. ‘मदत’ आणि ‘जबाबदारी’ यांतला फरक इथे आहे. मदत करणारा ‘काय करू, सांग’ म्हणतो. त्याला सांगण्याचे काम पुन्हा बाईचेच. जबाबदारी घेणारा विचारत बसत नाही.

अर्थात प्रत्येक घरात पाच माणसे नसतात. आपल्या कॉलेजात झाडलोट करणाऱ्या मावशी घरचा स्वयंपाक आटोपून सकाळी सातला इथे हजर असतात. घरात त्या आणि दोन लहान मुले. त्यांनी वही कोणासमोर ठेवावी? अशा ठिकाणी जबाबदारी समाजाची आणि संस्थेची असते. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ही सोय आपल्या शहरात किती ठिकाणी नजरेस पडते, ते वाचकांनीच आठवून पाहावे. पाळणाघर ही खर्चाची बाब आहे, हे मी समजू शकते. पण बैठका साडेचारनंतर न घेणे आणि त्या आदल्या दिवशी कळवणे याला तर एक पैसाही लागत नाही. आपल्या महाविद्यालयाने एवढे तरी करावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या आया नोकरी करतात, शेतावर जातात, शिवणयंत्रावर बसतात. परीक्षा जवळ आली की तुम्ही अभ्यासाचे वेळापत्रक आखता. त्यात दोन वेळचे जेवण, धुतलेले कपडे, भरलेली बाटली गृहीत धरलेली असते. ती कोणाच्या वेळातून येते? तुम्ही आईला ‘आराम कर’ म्हणू नका. त्याने काही होत नाही. एक काम निवडा आणि ते आठवणीसकट तिच्याकडून काढून घ्या. मुलींना हे सांगावे लागत नाही, त्यांच्याकडून ते आधीच करवून घेतले जाते; म्हणून हे मुलांनाच विशेष सांगते आहे.

पुढच्या महिला दिनालाही आभार मानण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येईल. त्या दिवशी कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणे, चहा करणे आणि कपबश्या विसळणे हे तरी विद्यार्थिनींऐवजी विद्यार्थ्यांनी करावे. मग मी मनापासून आभार मानीन.