सरखेलांस राजमाची कशास हवी होती?

लोणावळ्यास हवापालटाकरितां जाणारीं कुटुंबें खंडाळ्याच्या कड्यावरून राजमाचीचीं दोन शिखरें पाहतात, मुलांस श्रीवर्धन आणि मनरंजन हीं नांवें सांगतात आणि चिक्कीचे पुडे घेऊन घरीं परततात. या डोंगरी किल्ल्याचा युद्धनौकांशीं संबंध होता, हें मात्र मुलांस सहसा कोणी सांगत नाहीं.

हकीकत १७१३ सालची. औरंगजेबाशीं चाललेल्या स्वातंत्र्ययुद्धांत नांवारूपास आलेले कान्होजी आंग्रे त्या वेळीं ताराबाईंच्या पक्षाचे होते. शाहू छत्रपतींनीं त्यांजवर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस धाडिलें. कान्होजींनीं पेशव्यांसच कैद केलें आणि लोहगड घेतला. तेव्हां नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनीं तरवारीपेक्षां बोलण्यावर भर दिला. १७१४ सालीं लोणावळ्यास तह ठरला. पिंगळे सुटले, कान्होजी शाहूंच्या पक्षास आले, त्यांची सरखेली कायम झाली, दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्यांजकडे राहिलीं. जिंकलेला मुलूख त्यांनीं परत केला; एक राजमाची तेवढी सोडिली नाहीं.

ज्याचें राज्य पाण्यावर, त्यानें घाटमाथ्यावरच्या किल्ल्याचा एवढा हट्ट कां धरावा? आमच्या मतें याचें उत्तर गलबताच्या पोटांत आहे. गलबताचें सागवान कोंकणच्या रानांत मिळे, काथ्या नारळाच्या बागांतून येई. पण खलाशांस लागणारें धान्य पिकविणारा देश घाटावर, आणि तें बैलांच्या पाठीवरून बोरघाटानेंच उतरणार. दारूची गोष्ट याहून बिकट. सोरा, गंधक व कोळसा मिळून ती होते. त्यांत सुमारें तीन चतुर्थांश वजन एकट्या सोऱ्याचें. कोळसा कोठेंही करितां येतो, पण उत्तम सोरा बिहारचा, आणि गंधक परमुलखांतून येणार. बंदरें शत्रूंनीं अडविलीं तर घाटाचीच वाट उरते. ज्याच्या हातीं राजमाची, त्याची नजर बोरघाटाच्या वाटेवर.

पदरीं पडलेली दारू टिकविणें हेंही सोपें नव्हे. समुद्रावरची दमट हवा तिला लागली कीं ती निकामी होते. रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत याची तजवीज घरच्या गृहिणीनें पापड-लोणच्यांची करावी तितक्या बारकाईनें सांगितली आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू तळघरांत मडक्यांत ठेवावी, आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन ती बाहेर काढावी, ऊन द्यावें व पुन्हां मुद्रा करावी. आरमाराच्या लाकडाविषयीं तर अमात्यांचा कटाक्ष याहून मोठा. आंबा-फणसाचीं झाडें उपयोगी खरीं, पण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं. त्यांस हात लावूं नये, जीर्ण झाड घेणें तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. आरमाराचा खर्च बंदरच्या जकातीवर टाकूं नये, नाहींतर सावकार बुडतो, असेंही ते बजावतात. अमात्य हे कान्होजींनीं सोडलेल्या कोल्हापूरच्या पक्षाचे; पण आरमाराचें मर्म दोघांसही ठाऊक होतें. आमच्या शास्त्रकारांनीं राज्याचीं सात अंगें मोजतांना दंडाआधीं जनपद, दुर्ग व कोश घातले, तेंही याच कारणानें असावें.

पुढें राजमाची पेशव्यांकडे गेली आणि आंग्र्यांच्या घरांत भाऊबंदकी माजली. विजयदुर्गच्या तुळाजी आंग्र्यांचें व नानासाहेब पेशव्यांचें इतकें बिनसलें कीं पेशव्यांनीं इंग्रजांस हाताशीं धरिलें. कोणाचा दोष किती, यावर घरोघर वाद झडतात. आम्हीं दोघांसही निर्दोष म्हणणार नाहीं. पण परक्याच्या तोफांनीं आपलें आरमार बुडविण्याचें समर्थन आमच्यानें होत नाहीं. घाटावरून उतरलेल्या फौजेनें अंजनवेल व रत्नागिरी घेतली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसनचीं जहाजें विजयदुर्गच्या खाडींत शिरलीं. एका गोळ्यानें आंग्र्यांच्या गलबतास आग लागली व शेजारीं नांगरलेल्या साऱ्या आरमारांत ती पसरली. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला, तेव्हां आंत सुमारें अडीचशें तोफा व पुष्कळ दारूगोळा होता. तो इंग्रजांनीं मोजून घेतला.