कामावर जाताना अपघात झाला तर जबाबदारी कुणाची? सोलापूरच्या कारखान्यांनी बसचं गणित का मांडायला हवं

एका साखर कारखान्याच्या वॉचमनची ड्युटी पहाटे 3 ला सुरू व्हायची. 22 एप्रिल 2003 रोजी तो मोटारसायकलवर कामाला निघाला. कारखाना 5 किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि त्याचा मृत्यू झाला.

कुटुंबाला 3 लाख 26 हजार 140 रुपये भरपाई द्यावी, असा आदेश उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) न्यायालयाने 2009 मध्ये दिला. अपघात कारखान्यात नाही, रस्त्यावर झाला, म्हणून उच्च न्यायालयाने तो 2011 मध्ये रद्द केला. अखेर 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. तोवर 22 वर्षं गेली होती.

शेजारच्या जिल्ह्यातलं हे प्रकरण सोलापूरच्या प्रत्येक कामगाराशी आणि मालकाशी जोडलेलं आहे.

निकालात नेमकं काय आहे?

घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही नोकरीतलाच अपघात मानता येतो, असं न्यायालयाने म्हटलं. अट एकच. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. पहाटे 3 च्या ड्युटीसाठी थेट कामाच्या वाटेवर असलेल्या माणसाच्या बाबतीत तो उघड होता.

ईएसआय कायद्यात अशी तरतूद 2010 पासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. म्हणजे कामगार कामावर कसा येतो, हा आता फक्त त्याचा खासगी प्रश्न उरलेला नाही.

सोलापुरात हा प्रश्न वेगळा का?

अमेरिका-युरोपात ‘एकट्याने गाडी चालवत कामावर जाऊ नका’ असं सांगितलं जातं, तेव्हा डोळ्यांसमोर कार असते. सोलापुरात एकट्याची गाडी म्हणजे दुचाकी.

हे शहर मुळात चालत कामाला जाणाऱ्यांचं. 1877 च्या जुन्या गिरणीपासून गिरण्यांच्या आसपास चाळी वाढल्या आणि भोंगा झाला की माणसं पायी निघायची. पूर्व भागात तर घरातच माग आणि मागाशेजारी घर, अशी रचना होती.

गिरण्या बंद पडल्या. काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत गेलं. घरंही लांब गेली. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा प्रकल्प आहे. त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले अशा कुटुंबांना हक्काचं घर मिळालं, पण रोजची वाट वाढली. ज्यांच्याकडे दुचाकी नाही त्यांना रिक्षा किंवा बसची वाट पाहणं आलं.

बाइक खरंच स्वस्त पडते का?

समजा, कारखाना घरापासून 15 किलोमीटरवर आहे. रोज 30 किलोमीटर, 45 चं अ‍ॅव्हरेज आणि 105 रुपये लिटर पेट्रोल धरलं, तर दिवसाला 70 रुपये होतात. 26 दिवसांचे साधारण 1,800 रुपये. हप्ता आणि देखभाल वेगळी. 15 हजार पगारात ही रक्कम 12 टक्के आहे.

शिवाय रात्रपाळी संपवून झोपाळलेल्या डोळ्यांनी महामार्गावर ट्रकच्या शेजारून बाइक चालवायची, तो धोका वेगळाच.

कंपन्या काय करू शकतात?

*पाळीची बस.* एका पाळीला 40 जण येत असतील तर 40 बाइकऐवजी एक बस पुरते. छोट्या कारखान्याला एकट्याने बस परवडत नाही, पण एमआयडीसीतले चार-पाच शेजारी पाळीची वेळ जुळवून ती वाटून घेऊ शकतात. घर ते कामाची जागा या प्रवासासाठी मालकाने दिलेल्या वाहनाचा कामगाराच्या पगारावर आयकर लागत नाही.

*एसटीचा पास.* मासिक पासात 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास करता येतो. मालकाने पासचे पैसे दिले, तर ते पार्किंगची जागा वाढवण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. ही सवलत एसटीची आहे, महापालिकेच्या सिटी बसची नाही.

*जोडीने प्रवास.* एकाच वस्तीतून येणाऱ्यांची यादी एचआर विभागाकडे असतेच. त्यांची पाळी एकच ठेवली, तर चौघांची एक कार किंवा ठरलेली रिक्षा शक्य होते. वेळेवर सुटी मात्र झाली पाहिजे. ओव्हरटाइमला थांबलेल्याला घरी पोहोचवण्याची हमी नसेल, तर तो दुसऱ्या दिवशी बाइकच काढतो.

मग अडतं कुठे?

सिटी बसपाशी. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची अवस्था अनेक वर्षं खालावलेली आहे. केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवेच्या शहरांत सोलापूर आहे. मात्र बस आली म्हणून कामगार बाइक सोडणार नाही. सकाळी पाळी सुरू होण्याआधी ती एमआयडीसीच्या गेटवर पोहोचायला हवी आणि रात्री पाळी सुटल्यावरही मिळायला हवी. त्यासाठी पाळ्यांच्या वेळा कारखान्यांनी परिवहन विभागाला कळवाव्या लागतील.

दुसरी अडचण मोठी आहे. विडी, यंत्रमाग आणि बांधकामात अनेकांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. अपघात झाला तर आधी नोकरी होती हेच सिद्ध करावं लागतं. न्यायालयाच्या निकालाचा आधार त्यांना मिळायचा असेल, तर ओळखपत्र, हजेरीची नोंद आणि ईएसआयची नोंदणी या गोष्टी अपघाताच्या आधी हातात असायला हव्यात.